सातावरची आडवी रेघ

मी फार्मसीची पदवी घेतली ती मुरगूडच्या माझ्या गणिताच्या सरांमुळे. आमच्या घरात त्याआधी कुणी दहावीही झालं नव्हतं. आजही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सात दिसला, की सर डोळ्यांपुढे येतात. कोल्हापुरातल्या आमच्या दुकानात ते एका रविवारी भर दुपारी आले, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, हातात त्यांच्या पत्नीची, म्हणजे आमच्या काकूंची, चिठ्ठी. काकूंना कॅन्सर होता. शाळेच्या दिवसांत मी त्यांच्याच हातची भाकरी खाल्ली होती. चिठ्ठीवरच्या गोळ्या कळ थांबवायच्या, नशेच्या कायद्यात येणाऱ्या, नोंद करूनच द्यायच्या. डॉक्टरांनी 10 लिहिलं होतं, पण एकाचा सात करून त्याचे 70 केले होते. त्या सातावर आडवी रेघ होती. एक आणि सात यांत घोळ नको म्हणून ती रेघ सरांनीच आम्हाला शिकवली होती. "सर, खाडाखोड केलेल्या चिठ्ठीवर एकही गोळी देता येत नाही." "दहा गोळ्या दोन दिसांत संपत्यात, बाळ. लई वरडती की रं ती." मी डॉक्टरांना फोन लावला, तो बंद होता. सरांनी चिठ्ठीची घडी घातली. "बरोबर हाय तुझं. पैकीच्या पैकी मार्क," म्हणाले आणि उन्हात निघून गेले. सोमवारी दवाखाना उघडायच्या आत काकू गेल्या. नंतर मी सरांना पत्र पाठवलं. त्याचं उत्तर आलं नाही, पण पत्र मला अजून पाठ आहे: 'सर, तुम्ही मला सगळं दिलंत. त्या रविवारचे मार्क तेवढे परत घ्या.'