चार चाकांची चार खोकी

आमच्या कुरियरच्या दुकानात मी काउंटरवर बसते आणि मागच्या खोलीत मावशी पॅकिंग करतात. कुणाच्या मावशी, ते विचारू नका, सगळ्यांच्याच. गाडीचं चाक पाठवायचं असलं की माणसं वाटेतली तीन दुकानं सोडून आमच्याकडे येतात, ती त्यांच्यामुळे. मालकांना वाटतं, पाटीमुळे.

चाक आलं की मावशी आधी टायरमधली थोडी हवा सोडतात आणि मधलं झाकण काढून वेगळं गुंडाळतात. रिमच्या तोंडावर पुठ्ठ्याची गोल चकती, तिच्यावर फोम, मग फुग्यांच्या प्लॅस्टिकचे चार वेढे. एका खोक्यात एकच चाक. दोन घातली की वाटभर एकमेकांना ओरबाडतात. कोपऱ्यांत पुठ्ठ्याच्या घड्या ठासल्या की खोकं हलवून कान लावायचा. आत जरा जरी खुट्ट वाजलं, तर सगळं उघडून पहिल्यापासून. ‘नाजूक’ असं त्या कधी लिहीत नाहीत. “लिहिलं की लोक मुद्दाम आपटतात. आपटलं तरी चालेल असंच बांधायचं,” असं म्हणून त्या भरलेलं खोकं कमरेच्या उंचीवरून खाली सोडून दाखवतात. पहिल्यांदा मी किंचाळले होते.

गेल्या महिन्यात एका सकाळी मावशी टेम्पोतून स्वतःचीच चार चाकं घेऊन आल्या. पत्ता धाकट्या भावाचा.

गोष्ट मला ठाऊक होती. वडिलांच्या जुन्या गाडीला ही चाकं मावशींनी आपल्या पगारातून घेऊन दिली होती. वडील गेले आणि महिन्याभरात भाऊ म्हणाला, गाडी माझ्या नावावर आहे, मी नेतो. मावशींचं डोकं फिरलं. “गाडी तुझी, तर चाकं माझी!” म्हणत त्यांनी त्याच दुपारी जॅक लावून चारही काढली आणि गाडी विटांवर टेकवली. भावानं ती तशीच क्रेननं उचलून नेली आणि आपल्या दारातही विटांवरच ठेवली. त्याला नवी चाकं घेता आली नसती का? आली असती. पण तोही त्यांचाच भाऊ.

नऊ वर्षं बोलणं नाही. मध्ये मावशींनी भाचीसाठी दोनदा पार्सल पाठवलं. दोन्ही न उघडता परत आली.

“आणि हेही परत आलं तर?” मी विचारलं. मला त्या भावाचा मनापासून राग होता.

“मग संपलं. पुन्हा नाही पाठवायची.” मावशी चकती कापत होत्या. “राग गेलाय असं नाही गं, गुडघे गेलेत. पलंगाखाली वाकून चाकं पुसता येत नाहीत. माझ्यामागे भंगारवाला नेईल.”

“दोन ओळी तरी लिहा.”

“नको. लिहायला बसले की जुनंच सगळं वर येईल.”

दर खोक्यात एक चाक आणि पिशवीत त्याचे चार नट. त्या दिवशी खोकी बांधायला त्यांना दुपार झाली. एक तर त्यांनी तीनदा उघडलं.

मग मावशी दर तासाला काउंटरवर येऊन मला चिकटपट्टी मागायला लागल्या. मागच्या खोलीत वीस रोल पडलेले! मी पार्सलं कुठवर पोचली ते दाखवणारी स्क्रीन त्यांच्याकडे वळवायची. चौथ्या दिवशी चारही खोक्यांपुढे ‘स्वीकारले’ असं आलं. मावशी नुसत्या “बरं” म्हणाल्या, पण दिवसभर फोन पदरात ठेवून बसल्या.

फोन आला नाही. आठवडा गेला, आणि एक खोकं परत आलं.

माझं पित्त खवळलं. तीन ठेवून घ्यायची आणि एक तोंडावर मारायचं, ही कुठली रीत? मावशींनी त्याला हातही लावला नाही. डबाही न खाता भिंतीकडे तोंड करून पुठ्ठे मोजत राहिल्या. शेवटी मीच कटर चालवला. आत चाक, चार नट, आणि वहीचा एक कागद. मी तो मावशींच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि मला परत दिला.

‘ताई, तीन बसवली. गाडी एका कोपऱ्यात अजून विटांवर आहे. तिथलं चाक मी बसवणार नाही. तू काढलंस, तूच येऊन बसव.’

मावशी खोक्याकडे बघत होत्या. “काय बांधलंय मेल्यानं! ना फोम, ना चकती, नुसती सुतळी!” असं म्हणता म्हणता त्यांना रडू फुटलं. मीही रडले, उगाच कशाला लपवू?

रजेचा अर्ज मीच लिहून दिला. कारण काय टाकू, असं विचारलं, तर नाक पुसत म्हणाल्या, “घरचं काम. चाक बसवायचंय.”