गवंडीदादा सभेत बोलले ते

इंदूरच्या आमच्या सरकारी कॉलेजची नवी इमारत बांधणाऱ्या एका गवंड्याला मी रोज पाहायचो. प्रत्येक वीट पाण्यात बुडवून, तळहातानं थोपटून मगच तो बसवायचा. मला बघून इंदुरी थाटात, भैयाचं 'भिया' करत म्हणायचा, "काय भिया, आज क्लास नाही?" नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.

इमारत पुरी होत आली आणि बातमी फुटली की कॉलेज एका शेठजींच्या ट्रस्टला देणार. लोकांचं म्हणणं ऐकायला भोपाळहून अधिकारी आले. आम्हा विद्यार्थ्यांची पाठ केलेली भाषणं त्यांनी जांभया देत ऐकली. मग मागून तो गवंडी उठला.

"साहेबजी, शेठलोकांच्या कोठ्या मी पुष्कळ बांधल्या. काम संपलं की आम्हाला आत जाता येत नाही. ठीक आहे, घर त्यांचं. पण हे कॉलेज सगळ्यांचं म्हणून बांधलंय. यंदा माझी मुलगी बारावी फर्स्ट क्लास झाली. तिला इथंच शिकायचंय."

अधिकाऱ्यांनी पहिल्यांदाच कागदावर काही लिहून घेतलं.

कॉलेज सरकारीच राहिलं. ते त्याच्यामुळेच, असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी आमच्या सगळ्यांच्या वतीनं तोच बोलला होता.

जुलैत तो फाटकाशी दिसला. अंगात इस्त्रीचा सदरा, शेजारी वह्या छातीशी धरलेली मुलगी. ती आत गेल्यावर मी विचारलं, "आज इथं काय काम काढलं, दादा?"

"काम नाही, भिया," तो ताठ उभा राहून म्हणाला. "आज मी पालक आहे."