हिलाल पेंटरचे तीन महिने

हिलाल पेंटर नंदुरबारहून सुरतेत आला आणि अक्षरावर जगला. बमरोलीतली साड्यांची दुकानं, पानाच्या टपऱ्या, आणि नाक्यावरच्या एका डॉक्टरसाठी रंगवलेल्या भिंती: 'गुप्तरोग, ग्यारंटीने इलाज.' त्या डॉक्टरची पदवी कुठली, हे त्याने कधी विचारलं नाही.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याचा सतरा वर्षांचा योगराज ताटावरून अर्धपोटी उठू लागला. लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरणारं बडबडं पोर. आता अंगावर पुरळ, ताप आणि तोंडाला कुलूप. हिलालने त्याला गच्चीवर गाठलं.

"काय व्हयनं, सांग."

"जखम व्हती, आबा. डॉक्टरनी सहा सुया दिध्यात."

"कोन्ता डॉक्टर?"

"भीतवर तुम्हीच नाव लिखेल शे ना."

हिलाल त्याच्या शेजारी बसला. "माले काब्र नही सांगं?"

"मारशात म्हनीसन."

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "सिफिलिस आहे. पेनिसिलीनने बरा होईल. पण त्या सुया उकळलेल्या होत्या का?"

"एकच सुई सगळ्यांना टोचायचे," योगराज पुटपुटला.

"मग एड्सचीही तपासणी करू. एक आज, एक तीन महिन्यांनी; लागण रक्तात दिसायला तेवढा वेळ लागतो. आणि तुझ्यासोबत जी होती, तिलाही औषध लागेल. तिला पाठव."

चार दिवसांनी ती मुलगी बहिणीला घेऊन दवाखान्यात आली. हिलालने तिचं नाव विचारलं नाही.

एड्सचा पहिला रिपोर्ट चांगला आला, पेनिसिलीनने पुरळ गेलं. पण हिलालचा जीव थाऱ्यावर येईना. चहा मागवायचा आणि तसाच सोडून उठायचा. साडीच्या दुकानाची पाटी त्याने तीनदा पुसली. पोर जरा खोकलं की हातातला ब्रश सुटायचा. नाक्यावरच्या डॉक्टरला "आता तुमचं काम नाही करणार," असं सांगून आला. डॉक्टरने आठवड्यात दुसरा पेंटर धरला. मग हिलाल चहाच्या टपरीवर कारखान्यातल्या पोरांना धरून सांगू लागला, "काही झालं तर सरकारी दवाखान्यात जा, लाजू नका." पोरं हसायची. एकजण मात्र मागून येऊन पत्ता विचारून गेला.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही नाही. ठीक आहे." हिलालने त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं.

बाहेर रस्त्यावर तो म्हणाला, "आते काही व्हयनं तर पहिले माले सांगजो."

योगराजने मान हलवली. कारखान्यातली पाळी चुकेल म्हणून तो रिक्षाला हात करत पुढे पळाला.