पातेल्यात बघणाऱ्या मावशी

मावशी चुलीकडे कधी सरळ जात नसत. आधी रिकामं पातेलं उचलायच्या, दाराशी उजेडात न्यायच्या आणि आत डोकावून बघत राहायच्या. विहिरीत कुणी पडलंय की काय हे बघावं, तसा चेहरा करून. आम्ही पोरी पदराआड हसायचो. पाठीमागे आम्ही त्यांना ‘धसकामावशी’ म्हणत असू. या बाईला कसला तरी धसका आहे, एवढं लहान मुलांनाही कळे. कसला, ते मात्र कुणी सांगत नसे.

ही पंचवटीतल्या एका धर्मशाळेतली गोष्ट. १९३० नंतरची ती वर्षं. यात्रेकरू नसले की तिथलं मोठं स्वयंपाकघर रिकामं पडे, म्हणून कुणा भल्या माणसाच्या मनात आलं की इथे स्वयंपाकाचा वर्ग काढावा. सकाळी लहान मुलं-मुली तांदूळ निवडायला, पोळपाटावर कणकेशी झटापट करायला यायची. दुपारी आम्ही लग्नाच्या उंबरठ्यावरच्या पोरी. संध्याकाळी मोठी माणसं: नव्या सुना, चार घरी स्वयंपाक करून पोट भरू पाहणाऱ्या विधवा, आणि नाशिकरोडच्या छापखान्यात लागलेले, एकटे राहणारे दोन तरुण. या सगळ्यांना शिकवणाऱ्या मावशी एकट्या.

वर्गातलं सगळं रांधलेलं आधी धर्मशाळेतल्या देवाला जाई. त्यामुळे स्वयंपाक सोवळ्यात, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी जिभेला काही लावायचं नाही. हा नियम मावशींचा नव्हता, सगळ्या गावाचा होता. ‘जिभेची पाळी देवानंतर,’ मावशी म्हणायच्या, ‘तोवर नाकाने आणि कानाने भागवायचं.’ आमटीला मीठ पडलंय की नाही हे त्या वाफेवरून सांगत. फोडणीचा आवाज ऐकून पाठमोऱ्याच म्हणत, ‘मोहरी घाईने टाकलीस गं.’ छापखान्यातल्या तरुणांनी केलेल्या पिठल्याचा वास घेऊन त्या गंभीरपणे म्हणाल्या होत्या, ‘हे घेऊन जा छापखान्यात. पाकिटं चिकटवायला होईल.’ ते दोघे आयुष्यभर हे सांगत हसत राहिले. मावशी मात्र हसत नव्हत्या. विनोदसुद्धा त्या कसल्या तरी काळजीत असल्यासारख्या करत.

त्यांचा पहिला धडा स्वयंपाकाचा नसेच. ‘पातेल्यात तोंड बघ. दिसतंय? मग चूल पेटव. नाही दिसलं, तर चिंच नाही, ताक नाही, लिंबू नाही.’ पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की त्यात आंबट कळकतं, विषारी होतं, हे आमच्या सगळ्यांच्या घरी माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि मावशींचं ते बघणं वेगळं. एकदा एक नवी सून माहेराहून आलेलं पितळी पातेलं मोठ्या कौतुकाने घेऊन आली आणि त्यात तिने चिंचेचं सार उकळायला ठेवलं. मावशींनी ते उचललं आणि मोरीत ओतलं. ती पोर ओक्साबोक्शी रडली. मावशी म्हणाल्या, ‘रडलेली परवडते.’ आणि रिकामं पातेलं घेऊन पुन्हा दाराशी उजेडात गेल्या.

त्या धसक्याचं कारण आईने मला सांगितलं, तेही कुजबुजत. तरुणपणी, सासरी, एका व्रताच्या जेवणाला मावशींनीच कढी केली होती. सोवळ्यातली, म्हणून कुणी चाखली नव्हती. पातेल्याच्या तळाची कल्हई गेली होती, ते कुणी बघितलं नव्हतं. मोठी माणसं उलट्या होऊन वाचली. मावशींची पाच वर्षांची मुलगी वाचली नाही. ‘तिच्यापुढे कधी हा विषय काढू नकोस,’ आई म्हणाली. मी कशाला काढते? पण त्या दिवसापासून मला त्यांचं पातेल्यात बघणं हसण्यासारखं वाटेना. त्या आत कुणाला बघत असतील, असं मनात यायचं.

मावशींचा जीव एकाच माणसामुळे निर्धास्त व्हायचा, तो म्हणजे करीमचाचा कल्हईवाले. ते अंगणात भाता लावून बसले की मावशी समोर ठाण मांडत. कथील वितळून पातेल्याच्या पोटात पसरलं, नवसागराचा धूर निघाला आणि आतून चंद्रासारखं पांढरं लख्ख झालं, की त्यांचा चेहरा दोन-तीन दिवस सैल राही. त्या दिवसांत मुलांना गूळ-शेंगदाणे जास्त मिळत.

मग धर्मशाळेला नवे व्यवस्थापक आले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण सोवळ्याचं भारी वेड. त्यात त्या वर्षी गावात जरा ताण होता, लोक एकमेकांकडे तिरके बघू लागले होते. अण्णांनी फर्मान काढलं, की देवाच्या नैवेद्याची भांडी मुसलमानाच्या हाताला लागायची नाहीत. आपल्यातला कल्हईवाला मिळेपर्यंत थांबायचं. तो काही मिळेना. महिने गेले. पातेल्यांच्या तळाला पिवळे डाग उमटले, डागांचे पट्टे झाले. मावशी रोज अण्णांकडे जात आणि रोज तसंच तोंड घेऊन परत येत. ‘मावशी, तुमचा धसका सगळ्या गावाला ठाऊक आहे,’ अण्णा म्हणायचे, ‘इतकी वर्षं कुणाला काही झालंय का इथे?’ झालं नव्हतं, ते कुणामुळे, हे त्यांना कोण सांगणार.

एकदा मावशी आणि आम्ही घाटावर भांडी घासत असताना करीमचाचा जाताजाता थांबले. मोठ्या तपेल्यात त्यांनी लांबूनच बघितलं.

‘बाई, ये बर्तन गेलं आता,’ ते म्हणाले. ‘यात खट्टं काही करू नका. तुमच्या लोकांना समजवा.’

‘समजावते आहे, चाचा. ऐकत नाहीत.’

‘मग तुम्ही तिथून हलू नका,’ चाचा म्हणाले आणि गेले.

मावशी हलल्या नाहीत. त्यांनी वर्गातून आंबट सगळंच बाद केलं. लिंबाची फोड तेवढी पानात वाढायची. मे महिन्यात वर्गाची पंगत असे. शिकणाऱ्यांनी रांधायचं आणि घरच्यांना जेवू घालायचं. त्या वर्षी पंगतीत वरण, भात, बटाट्याची भाजी आणि पुरणपोळी ठरली. मावशी आदल्या दिवसापासून जेवल्या नव्हत्या. ‘काहीतरी वाकडं होणार,’ असं त्या कणीक तिंबताना दोनदा म्हणाल्या. मला राग आला. सणासुदीला असं कशाला बोलायचं?

आतल्या खोलीत त्या पुरणात गुंतल्या असताना कुणा यजमानाकडून ताकाच्या घागरी आल्या. उन्हाळा, ताक टिकणार नाही, टाकायचं तर जिवावर येतं. अण्णांनी मागच्या चुलीवर संध्याकाळच्या वर्गातल्या बायकांना कढी करायला सांगितलं. एवढं ताक मावेल असं एकच भांडं होतं, ते मोठं तपेलं. बायकांना मावशींचा नियम आठवला असणार, पण अण्णांपुढे बोलायचं कुणी? कढी उकळली आणि झाकून ठेवली गेली. हळदीच्या पिवळ्या रंगात काही वेगळं दिसण्यासारखं नव्हतंच. आणि चाखायची तर सोय नव्हती.

पानं मांडली होती. लहान मुलं पहिल्या रांगेत, त्यात माझा धाकटा भाऊ बाळ. अण्णांचा नातूही तिथेच. नैवेद्याचं ताट भरायला मावशी आल्या आणि त्यांनी तपेल्यावरचं झाकण काढलं. वास घेतला. मग सगळ्यांच्या देखत पळी बुडवली, तळहातावर कढी घेतली आणि चाखली.

वाढपी जागच्या जागी थांबले.

‘देवाच्या आधी उष्टं केलंत, मावशी,’ अण्णा म्हणाले.

‘कढी कळकली आहे. एका पानावर जाता कामा नये.’

‘ताक आंबट होतं. तुम्हाला काय, सगळीकडे विषच दिसतं.’ मग ते वाढप्यांकडे वळले. ‘पळीभर कढी बाजूला काढून टाका आणि वाढायला घ्या.’

मावशी भांडल्या नाहीत. वाद घालण्यात त्यांचे कितीतरी महिने गेले होते. त्यांनी एक वाटी घेतली, कढीने काठोकाठ भरली आणि उभ्या उभ्या प्यायल्या. मग दुसरी भरली, तीही प्यायल्या. ‘मी इथे बसते,’ त्या तपेल्याला पाठ लावून म्हणाल्या. ‘मला काही झालं नाही, तर खुशाल वाढा.’

अण्णा काय करणार? कुणीच काही करेना. भात गार झाला. मुलं कुरकुरू लागली, बाळ पानातलं मीठ चाटत बसला. मावशी भिंतीवरच्या उन्हाकडे बघत होत्या. मी मनात म्हणत होते, काही होऊ नये, काही होऊ नये. मग त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी पोट धरलं, पदर तोंडाशी नेला आणि मोरीपर्यंतही त्यांना पोचता आलं नाही. त्यांनी ओकलेलं हिरवट होतं.

कढी मागच्या अंगणात खड्डा खणून ओतली गेली. अण्णांनी नातवाला उचलून छातीशी धरलं आणि कितीतरी वेळ खाली ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी करीमचाचांना बोलावणं धाडलं. पण मावशींनी देवाआधी चाखलं, ही गोष्ट मंडळींना पचेना. प्रायश्चित्त घेतलं तरच स्वयंपाकघरात पाऊल ठेवता येईल, असा निरोप त्यांना अंथरुणावर मिळाला. ‘देवाला विष दाखवू दिलं नाही, याचं प्रायश्चित्त?’ मावशी म्हणाल्या आणि त्यांनी कूस बदलली. वर्ग बंद पडला तो पडलाच.

त्या पुन्हा उठल्या नाहीत. अंग पिवळं पडत गेलं, वैद्यांनी हात टेकले. मी रोज त्यांना पेज घेऊन जात असे. एके दुपारी न राहवून विचारलं, ‘मावशी, तपेलं लाथेने उलथून दिलं असतंत, तर? प्यायलात कशाला?’

त्यांनी पेजेची वाटी बाजूला सारली. मग म्हणाल्या, ‘उलथलं असतं तर म्हणाले असते, म्हातारी चळली. पुढच्या पंगतीला त्याच भांड्यात पुन्हा केली असती. कुणाला तरी बाधल्याशिवाय माणसं ऐकत नाहीत गं. मग बाधायचंच, तर मला बाधू दे.’

पावसाळ्याच्या तोंडाला त्या गेल्या. मी फार रडले. अजूनही कधी एकटी असले की रडू येतं. त्या दिवशी पहिल्या रांगेत बसलेली सगळी मुलं मोठी झाली.