माळ्यावरचा टोकाचा संडास

माझ्या भावाला किडनी का मिळाली नाही, असं अजूनही कोणी ना कोणी विचारतं. मी सरळ सांगते, घरात संडास नव्हता म्हणून. समोरच्याला वाटतं, बाई वैतागलीय, काहीतरी बोलतेय. मग तो इकडचं तिकडचं काढतो, नाहीतर "चालायचंच" म्हणतो. चालायचंच म्हणणाऱ्या माणसांचा मला हल्ली भयंकर राग येतो.

दादा घोडपदेवला चाळीत राहायचा, आमच्या वडिलांच्याच खोलीत. एक खोली, आत मोरी, बाहेर गॅलरी आणि गॅलरीच्या टोकाला माळ्याचे चार संडास. लग्न होऊन मी ठाकूरद्वारला आले, तर इथेही तीच तऱ्हा. त्यामुळे संडास घराबाहेर असणं म्हणजे आपल्यात काही कमी असणं, हे आमच्या डोक्यातच कधी आलं नाही. सकाळी जरा लवकर उठायचं, एवढाच त्याचा अर्थ होता.

पन्नाशीच्या आत ब्लडप्रेशरने दादाच्या दोन्ही किडन्या निकामी केल्या. परळच्या एका हॉस्पिटलात डायलिसिस सुरू झालं. एक दिवसाआड जायचं, मशीनला बांधून घ्यायचं आणि पिळून काढलेल्या कपड्यासारखं घरी यायचं. पाणी पिण्यावर बंधन. चहा तो खोकल्याच्या औषधाच्या झाकणातून प्यायचा, तेवढाच, तोंडात घोळवून घोळवून. मी किडनी द्यायला उभी राहिले, तर तपासणीत माझीच साखर निघाली. वहिनीचा रक्तगट जुळला नाही. त्या दोघांना मूल नाही, आईवडील कधीच गेलेले. राहिला एकच मार्ग, मेलेल्या कोणाची तरी किडनी मिळेल म्हणून वाट बघायची.

हे सगळं आम्हाला हॉस्पिटलच्या समाजसेविका मॅडमनी समजावून सांगितलं. तरुण होत्या, बोलायला गोड. ज्याचा मेंदू मेलाय पण हृदय मशीनच्या जोरावर चालू आहे, अशा माणसाच्या घरच्यांनी हो म्हटलं की त्याचे अवयव यादीतल्या लोकांना मिळतात. कोणाला मिळणार, ते कुठला एक डॉक्टर ठरवत नाही. रक्तगट, वय, किती काळ डायलिसिसवर आहे, असं सगळं जमेस धरून कॉम्प्युटर नंबर लावतो. "यात कोणाचा वशिला चालत नाही," मॅडम म्हणाल्या. खरं सांगते, ती पद्धत मला फार आवडली. रेशनच्या दुकानात, शाळेच्या प्रवेशाला, टँकरच्या पाण्याला, जन्मभर मी मागून येऊन पुढे घुसणारी माणसं पाहिली. म्हटलं, चला, निदान इथली रांग तरी सरळ आहे.

मग मॅडमनी विचारलं, "टॉयलेट घरातच आहे ना?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. मॅडमनी समजावलं. शरीराने नवी किडनी झिडकारू नये म्हणून औषधं घ्यावी लागतात, आणि त्या औषधांनी माणसाची प्रतिकारशक्ती पार खाली जाते. साधे जुलाबसुद्धा जिवावर बेततात. म्हणून पेशंटला वेगळी खोली हवी, वेगळा संडास हवा. हॉस्पिटलची समिती घर बघते. सोय नसेल तर नाव यादीत राहतं, पण स्थगित. म्हणजे नंबर असतो, फक्त किडनी आली की फोन येत नाही.

"आमची चाळ रिडेव्हलपमेंटला जाणार आहे," वहिनी घाईघाईने म्हणाली. "मग आतच येईल सगळं."

"किडनी आधी येते की बिल्डर, लावा पैज," दादा म्हणाला. मॅडम हसल्या. मला हसू आलं नाही, कारण आमचा बिल्डर मी शाळेत होते तेव्हापासून येतोय. भाड्याने ब्लॉक घ्यावा, तर दादाची नोकरी सुटलेली आणि वहिनी पोळीभाजीचे डबे करून घर चालवणारी. त्या वाटेला आम्ही गेलोच नाही.

तेव्हा माळ्याने मीटिंग घेतली. मीटिंग म्हणजे आधी भरपूर भांडण. आमच्याकडे संडासांना कुलुपं असतात आणि एकेका कुलुपाच्या किल्ल्या चारपाच बिऱ्हाडांत वाटलेल्या असतात. टोकाचा संडास एकट्या दादाला द्यायचा, तर तिथल्या बिऱ्हाडांनी बाकीच्या तीन संडासांत घुसायचं. एक जण उठून म्हणाला, "आज ह्याला दिला. उद्या मला कायतरी झालं तर मला पण वेगळा द्याल काय?" दुसरा म्हणाला, "माझ्या आईचे गुडघे गेलेत. तिने लायनीत किती वेळ उभं राहायचं?" दोन्ही प्रश्न बरोबरच होते. तेवढ्यात शेजारच्या मालवणी काकू पुढे आल्या. नळाच्या भांडणावरून त्या वहिनीशी कित्येक महिने बोलत नव्हत्या. वहिनीकडे न बघताच त्या ओरडल्या, "त्याका देवा तो! माका काय, मी खालच्या माळ्यार जातंय. मरतंय काय मी?"

मग ठरलं. गुडघेवाल्या आजींना कुठल्याही रांगेत पहिलं सोडायचं, टोकाचा संडास दादाचा. माणुसकीवर कोणी भाषण केलं नाही. कुरकुरत, एकमेकांची जुनी उणीदुणी काढत त्यांनी ते ठरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून पाळलं. वर्गणी काढून आत नव्या लाद्या बसवल्या, दार बदललं, नवं कुलूप आणून सगळ्या किल्ल्या वहिनीच्या हातात दिल्या. सकाळी बाकीच्या तीन संडासांची रांग जिन्यापर्यंत जायची आणि तिच्या बाजूने दादा आपली किल्ली मुठीत धरून, मान खाली घालून जायचा. कोणी त्याला एका शब्दाने बोललं नाही.

मॅडम घर बघायला येणार त्या दिवशी मीही गेले होते. आमच्या चाळीत मुलगी बघायला पाहुणे येवोत की पासपोर्टसाठी पोलीस, सगळा माळा हजर राहतो. आलेल्याला घर एकटं दिसता कामा नये, ही आमची रीत. त्या दिवशी पुरुषांनी हाफ डे टाकला, बायकांनी ठेवणीतल्या साड्या काढल्या. कोणी पोहे केले, कोणी कोकम सरबत. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, पोरं दादाच्या कॉटवर चढून बसलेली, दारात माणसं, गॅलरीत माणसं.

"घरात किती जण असता?" मॅडमनी विचारलं.

वहिनी दोघंच म्हणणार, त्याच्या आत काकू म्हणाल्या, "दोघां कशी? सगळो माळो घरचोच आसा! रात-दिस कोण ना कोण असताच हेच्याकडे. दार कधी बंद नसता आमचा!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने सांगितलं, की ह्याला धाप लागली की आम्हीच चार जण खुर्चीत बसवून खाली नेतो. मग सगळे मिळून मॅडमना संडास दाखवायला घेऊन गेले. लाद्या दाखवल्या, कुलूप दाखवलं. कोणीतरी अभिमानाने म्हणालं, "रोज आम्हीच धुतो, मॅडम. प्रत्येक घराची पाळी लावलीय." मॅडम भराभर लिहून घेत होत्या आणि आमची माणसं एकमेकांना डोळ्यांनी सांगत होती, बघ, कसं लिहून घेतायत. त्या गेल्यावर माळ्यावर लग्न ठरल्यासारखा आनंद झाला. मलाही झाला.

समितीचं उत्तर आलं, ते वहिनीने मला फोनवर वाचून दाखवलं. एका खोलीत सतत गर्दी, संसर्गाचा मोठा धोका. शौचालय सामाईक जागेत, त्याची साफसफाई अनेकांच्या हाती. स्थगिती कायम.

मी तडक परळला गेले आणि मॅडमशी भांडले. ज्या माणसाजवळ कोणी नाही त्याला तुम्ही आधार नाही म्हणून नापास करता, आणि ज्याच्याजवळ सगळी चाळ उभी आहे त्याला गर्दी म्हणून? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, किडन्या फार थोड्या येतात. जिथे ती टिकणार नाही तिथे दिली, तर जिथे टिकली असती त्या पेशंटवर अन्याय होतो."

मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही, आणि म्हणूनच अंगाचा तिळपापड होतो. कोणी पैसे खाल्ले असते, कोणी नगरसेवकाची चिठ्ठी आणून पुढे घुसलं असतं, तर मी तोंडभरून शिव्या तरी दिल्या असत्या. इथे सगळे नियमाने वागत होते. संसर्गाचं खरं, किडन्या थोड्या येतात हेही खरं, नियम सगळ्यांना एकच हेही खरं. पण या मुंबईत खोल्या आणि संडास वाटले गेले, तेव्हा कुठल्या कॉम्प्युटरने नंबर लावले होते? ते वाटप जसं झालं तसं झालं, आणि आता त्याच वाटपावरून कोण जगण्यालायक ते ठरवायचं, आणि वर त्याला न्याय म्हणायचं.

चाळीला आम्ही खरं कारण सांगितलं नाही. तुम्ही सगळे प्रेमाने जमलात म्हणून नापास झालो, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? समिती विचार करतेय, असं वहिनी सांगत राहिली. त्यामुळे टोकाचा संडास दादाकडेच राहिला आणि बाकीचे जिन्यापर्यंत रांग लावत राहिले. दादाला त्याची फार लाज वाटायची. "त्यांना देऊन टाकूया परत," तो म्हणायचा. वहिनी ऐकायची नाही. किल्ली परत देणं म्हणजे आशा सोडणं, असं तिला वाटायचं.

डायलिसिसला दादाच्या शेजारच्या खाटेवर लालबागच्या एका टॉवरमधला माणूस असायचा. दादाच्या बराच नंतर आलेला, त्याच रक्तगटाचा. माणूस चांगला होता, दादाशी क्रिकेटवर वाद घालायचा. त्याला किडनी मिळाली. ऑपरेशननंतर बोलण्याइतकं बरं वाटल्यावर त्याने पहिल्यांदा फोन कोणाला केला, तर दादाला. दादाने मला कौतुकाने सांगितलं, "भरपूर लघवी झाली म्हणे त्याला. रडत होता गो आनंदाने." डायलिसिसवाल्यांना त्याचं मोल कळतं. दादाला कित्येक महिन्यांत थेंबभर झाली नव्हती.

"तुला राग नाही येत?" मी विचारलं.

"त्याच्यावर कशाला? त्याने काय माझी चोरली?" मग म्हणाला, "पण त्याच्याकडे तीन संडास आहेत गो. माणसं दोन. तिसऱ्यात काय करतात?"

आम्ही दोघं पोट धरून हसलो. हसता हसता दादा रडायला लागला. मी त्याला लहानपणानंतर पहिल्यांदाच रडताना पाहिलं आणि मलाही काही आवरेना.

नंतरच्या दिवाळीआधी डायलिसिसहून परत येताना दादा चाळीच्या जिन्यात कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. चाळीतल्या पोरांनीच त्याला उचलून त्याच हॉस्पिटलात नेलं. तो मशीनवर होता, छाती वरखाली होत होती, हात गरम होता. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, काही तासांनी पुन्हा केल्या आणि मेंदू मृत झाल्याचं सांगितलं. मग आम्हाला एका छोट्या खोलीत बसवलं आणि मॅडम आत आल्या.

त्यांनी वहिनीचा हात हातात घेतला. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते, ते मी नाकारत नाही. किडन्या उपयोगाच्या नाहीत, म्हणाल्या, पण डोळे देता येतील. आणि तपासण्यांत लिव्हर उत्तम दिसतंय. किती वर्षांनी त्या हॉस्पिटलात कोणी दादाच्या शरीराबद्दल काहीतरी चांगलं बोललं होतं.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मॅडम, लिव्हर घ्यायच्या आधी घर बघायला कोण येणार? पोहे करून ठेवायला सांगते."

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "देणाऱ्याला तशी अट नसते, ताई."

मी वहिनीला सांगितलं, देऊ नकोस. काही देऊ नकोस ह्यांना. वहिनीने पदराने तोंड पुसलं. म्हणाली, "मिळाली असती तर आपण घेतली असती ना? मग द्यायच्या वेळी नाही कसं म्हणू?" आणि तिने सही केली. मी केली नसती. आजही करणार नाही.

दादाचं लिव्हर कोणाला मिळालं, ते आम्हाला सांगितलं नाही. ते गुप्त ठेवायचा नियम आहे. बाई आहे की पुरुष, मुंबईचा आहे की बाहेरचा, मला काहीच ठाऊक नाही. त्याच्या घरात संडास आहे, एवढं मात्र मला कोणी सांगावं लागत नाही.