बिघडलेलं सांगा

लोकहो, हातातली कामं बाजूला ठेवा, पंखा बारीक करा आणि ऐका. अख्ख्या जालना जिल्ह्याच्या हिताची एक अत्यंत गंभीर बाब मी आज जाहीर करतो आहे: आमच्या बियाणे कंपनीत मुलाखतीला आलेल्या माणसाला आधी पोहे मिळत.

ही साहेबांची पद्धत. साहेब म्हणजे आमचे भरती बघणारे मॅनेजर. धावड्याहून पहाटेच्या एसटीनं आलेला असो की बदनापूरहून रेल्वेत उभा राहून आलेला, उमेदवार दारात दिसला की साहेब चष्मा कपाळावर सारत आणि विचारत, "जेवून आलात का?" मी एकदा कुरकुर केली, तर म्हणाले, "उपाशी माणूस बोलत न्हाई हो, नुसता मागतो."

मी गोदाम सांभाळणारा. पण मुलाखतीला दुसरा माणूस हवा म्हणून ते मला शेजारी बसवत. आता माझ्या जिभेचं तुम्हाला ठाऊक आहेच. उमेदवार अडखळला की त्याचं वाक्य पुरं करायला मी धावे, आणि टेबलाखाली साहेबांचा बूट माझ्या अंगठ्यावर पडे. गप्प बसायला मी असा अंगठ्याकडून शिकलो.

प्रश्न सगळ्यांना तेच, त्याच क्रमानं. एकानं पुढाऱ्याची चिठ्ठी आणली होती. साहेबांनी ती अदबीनं घेतली, पोह्यांच्या बशीखाली सरकवली आणि म्हणाले, "चिठ्ठी बराबर आहे. आता तुमचं बोला."

शेवटचा प्रश्न ठरलेला. "तुमच्या हातून काय बिघडलं ते सांगा." मग साहेब गप्प. समोरचा घाम पुसायला लागला की हळूच म्हणत, "घाई न्हाई. मी ऐकून राह्यलो." बहुतेक जण शपथेवर सांगत, की आमच्या हातून काही बिघडतच नाही. अशांना ते फाटकापर्यंत सोडायला जात आणि पुन्हा बोलावत नसत.

वडीगोद्रीच्या सुनीतानं मात्र खाली मान घालून सांगितलं, की घरचं सोयाबीनचं बियाणं तिनं तापल्या पत्र्यावर वाळत घातलं आणि त्यातलं बरंचसं उगवलंच नाही. साहेबांनी तिला उगवण तपासायच्या कामावर घेतलं. मला म्हणाले, "बिघडलेलं सांगणारा बिघडलेलं लपवत न्हाई. आपल्या धंद्यात एवढं बास आहे."

पुढे कंपनी विकली गेली. नवे मालक म्हणाले, जुन्या मॅनेजरांनी आपापल्या जागेसाठी पुन्हा मुलाखत द्यावी. साहेबांना त्या वयात दुसरीकडे कोण विचारणार होतं? ही खुर्ची गेली की सगळंच गेलं.

मुलाखत घ्यायला पुण्याहून नवे सर आले. त्यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सुनीता, जी तोवर प्रयोगशाळेची प्रमुख झाली होती. पोहे नव्हते. साहेबांना सकाळभर बाहेर बसवलं. आत बोलावल्यावर सर स्वतःबद्दलच बोलत राहिले, मध्येच फोन घेत राहिले. मग विचारलं, "तुमची एखादी कमजोरी?"

या प्रश्नाचं उत्तर आता शाळकरी पोरालाही पाठ असतं: मी कामात फार गुंतून जातो. साहेबांच्या आधी आलेल्या हिशेबाच्या मॅनेजरनं तेच सांगितलं आणि त्याची खुर्ची राहिली.

साहेबांनी चष्मा कपाळावर सारला. मी ओळखलं, आता हे खरंच सांगणार. टेबलाखालून पाय लांबवला. टेबल नवं होतं, रुंद होतं. पाय पोहोचला नाही.

"बायकोच्या भावाचं पोरगं होतं," साहेब म्हणाले. "घरचंच म्हणून काही विचारलं न्हाई, कामावर घेतलं. त्यानं ओल लागलेलं बियाणं पॅक करून धाडलं. लोकांची पेरणी वाया गेली. त्या पोराचं काय, चूक माझी होती."

सर एक मेसेज टाइप करत होते.

साहेब उठले, हात जोडले. दाराशी थांबून सवयीनं म्हणाले, "सुनीता, जेवलीस का गं?" उत्तराला थांबले नाहीत.

दार लागलं तसे सर हसले. "कमाल आहे. विचारलं काय, सांगतात काय. असा माणूस भरतीवर ठेवायचा कसा?"

माझी ही जगप्रसिद्ध जीभ टाळूला चिकटली होती. प्रयोगशाळेत जिचा चढा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता, ती सुनीता बोलून गेली:

"त्यांनी तुम्हाला घेतलंच नसतं, सर."