दोरी दिसणारा अग्निबाण

चांदा जिल्ह्यात वाघाला न भिणारी माणसं गल्लोगल्ली सापडतील, पण आमच्या भाटव्यांच्या शेजारी बसून सिनेमे पाहिलेला माणूस मी एकटाच, आणि तो शीण अजून उतरलेला नाही. भाटवे म्हणजे आमच्या थोरल्या बहिणीचे यजमान. इकडे असंच म्हणतात. मूल गावापासून दोन कोसांवर त्यांची धानाची शेती. घरी दूधदुभतं, अंगाला कसलं व्यसन नाही, साधा तंबाखूसुद्धा नाही. खोड एकच. ज्या सिनेमात माणूस आभाळात जातो, दिसेनासा होतो किंवा पत्र्याचा होतो, असला सिनेमा आसपासच्या कुठल्याही तंबूत लागला की हा गृहस्थ हातातलं काम टाकून निघालाच. बरं, सिनेमा चांगला असता तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण आमच्या भागात पोचेतो त्या सिनेमावरून तो काढणाऱ्याचंही मन उडालेलं असायचं. मंगळ म्हणजे कुठली तरी खडीची खाण. मंगळाचा राजा म्हणजे पोट सुटलेला, कोल्हापुरी चपला घातलेला इसम. चंद्र म्हणजे मधोमध शिवण असलेली चादर, आणि वारा सुटला की तो चंद्र फडफडायचा.

मी मूलच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो, त्यामुळे मला सुटका नव्हती. "मास्तर, तू सायन्स शिकवून राह्यला अन् तूच नाई म्हणते?" असं म्हणून ते मला घरातून उठवायचे. एकदा चिमूरला पत्र्याच्या माणसाचा सिनेमा आलाय असं कळलं, तर मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून थेट चिमूरला नेलं. तिथं निम्म्यातच वीज पुरवणारं इंजिन बंद पडलं. लोक उठायला लागले, तेव्हा भाटवे पडद्यापुढं उभे राहिले आणि पुढची गोष्ट स्वतःच सांगू लागले. सिनेमा त्यांनी आधी पाहिलेला नव्हता, पण त्यानं त्यांचं काही अडलं नाही. इंजिन सुरू झालं तेव्हा लोकच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, भाऊलेच सांगू द्या." परतीच्या वाटेवर पॅडल माझ्या पायाखाली होतं आणि कॅरिअरवर बसून ते उरलेली गोष्ट संपवत होते.

त्यांच्यापुढं सिनेमातली चूक काढायची सोय नव्हती. पत्र्याच्या माणसाच्या पाठीवर घासलेटच्या डब्याचा छाप दिसतोय म्हटलं, तर म्हणायचे, "मंगळावर काय घासलेट लागत नाई?" एका सिनेमात चंद्रावर चक्क एक बकरी आली. शूटिंगच्या जागी चरत असेल बिचारी, मध्येच घुसली. "चंद्रावर बकरी कुठून आली, भाटवे?" मी विचारलं. "तिले कोणी सांगतलं नाई हा चंद्र हाय म्हणून," ते शांतपणे म्हणाले. आणि अग्निबाण तर हटकून दोरीला टांगलेला असायचा. नुसता टांगलेला नाही, उडताना गोल गोल फिरायचा. मी दरवेळी दोरी दाखवायचो आणि ते दरवेळी तेच उत्तर द्यायचे, "दिसू दे ना. दोरी नसती तं पडला असता." ह्या उत्तरापुढं पृथ्वीवरचं कुठलंच विज्ञान चालत नाही. शेवटी मी बोलायचं सोडलं आणि तंबूत बसल्या बसल्या झोपायला शिकलो.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण एका वैशाखात त्यांची एकुलती एक लेक सुमी मूलच्या एका राइस मिलवाल्यांच्या घरी दिली आणि ऐन पाठवणीच्या वेळी मुलीचा बाप गायब झाला. दिवेलागण झालेली, सुमी गाडीत बसलेली, व्याह्यांना निरोपाचा शेला-नारळ द्यायचा, आणि भाटवे कुठंच नाहीत. सगळ्यांनी शोधशोध शोधलं. शेवटी पलीकडच्या गावच्या तंबूत सापडले, अग्निबाणाचा सिनेमा पाहत. तोवर गाडी निघून गेली होती. व्याही मानाला जपणारा माणूस. दिवाळसणाला सुमी माहेरी आली, ती त्यांनी परत नेलीच नाही. जावई बापापुढं तोंड उघडणाऱ्यातले नव्हते. आठवडे गेले, धान कापून झालं, मळून झालं, गावात कुजबुज सुरू झाली. सुमी विहिरीवर जाईनाशी झाली आणि आमच्या बहिणीचं अन्नावरचं मन उडालं. मिलमध्ये मनधरणीला अर्थातच मला पाठवायचे. मी जायचो, कोंड्याच्या धुळीत बसून चहा प्यायचो आणि दरवेळी एकच उत्तर घेऊन परत यायचो. "मास्तर, ज्याले पोरीपरीस बाण मोठा वाटते, त्याच्या दारात मी पाय नाई ठेवत."

आणि माघात तोच सिनेमा मूलला आला. भाटवे माझ्या घरी हजर. "मास्तर, इवाईले सिनेमाले आण. त्यानं पाह्यलं की समजते त्याले, मी काऊन गेलतो ते." मी कपाळावर हात मारला. म्हटलं, अहो, तुम्ही व्याह्यांच्या जखमेवर मीठ चोळायला निघालात. पण बहीण माझ्याकडं नुसती पाहत होती, सुमी दाराआड उभी होती, आणि माझ्यात वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. मी मिलमध्ये गेलो. व्याही अंगावरचा कोंडा झटकत म्हणाले, "येतो. कोणत्या सिनेमापायी माझा मान गेला ते तं पाहू."

तंबूत मी मधे, डावीकडं भाटवे, उजवीकडं व्याही. अडकित्त्यात सुपारी असते तसा बसलो होतो. बायकांच्या बाजूला बहीण आणि सुमी. सिनेमा सुरू झाला तो मी म्हणतो त्याहून वाईट होता. अग्निबाणाच्या पोटातलं यंत्र दाखवलं आणि मागं बसलेले मिलचे मजूर ओरडले, "अबे, हे तं धानाचं हलर हाय." खरंच, तांदूळ सडायचं तसलंच यंत्र होतं. अख्खा तंबू हसायला लागला. मी चोरून उजवीकडं पाहिलं. व्याही हसत नव्हते. पुढं वाकून बारकाईनं पाहत होते. "पट्टा ढिल्ला हाय," ते पुटपुटले. मला धीर आला असं नाही, पण निदान ते उठून गेले नाहीत.

मग अग्निबाण सुटायची वेळ आली. पडद्यावर एक म्हातारा बाप हात हलवत उभा होता आणि वर दोरीला लोंबकळणारा बाण डुगडुगत चालला होता. व्याही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दोरी दिसून राह्यली." मी डोळे मिटून घेतले.

"हो," भाटवे म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक होता. "तेच पाहाले गेलतो, इवाई. तिकडं पोरगी गाडीत बसली होती. चाक हललं असतं तं मले पाह्यवलं नसतं. इथी कसं, बाण जाते, पण दोरी दिसते. कोणीतरी वरून धरून हाय, असं वाटते."

 व्याह्यांना स्वतःला तीन मुली, तिन्ही दूर दिलेल्या. सिनेमा संपला, लोक धोतरं झटकत उठले, तरी ते दोघं तसेच बसून होते आणि मी मधे असल्यामुळं मलाही उठता येईना. शेवटी व्याही म्हणाले, "उद्या मी सोता येतो पोरीले न्यायले. पण तुम्ही उभं राहाले पायजे."

दुसऱ्या दिवशी ते आले, स्वतः गाडी हाकत. भाटव्यांनी शेला दिला, नारळ दिला आणि दारात उभे राहिले. सुमी गाडीत बसली. मी त्यांचा दंड धरून ठेवला होता, न जाणो, पळतील. गाडी हलली. वळणाशी गेल्यावर व्याह्यांनी मागं वळून पाहिलं, आणि बैलांचा कासरा धरलेला हात उंच करून दाखवला. इतक्या लांबूनही तो कासरा स्पष्ट दिसत होता. भाटवे रडले. मीही रडलो, खोटं कशाला सांगू.

पुढं जावयानं सूरजागडच्या बाजूला जंगलात लाकडाचं काम घेतलं आणि सुमी तिकडं गेली. पावसाळ्यात नद्या भरल्या की महिनामहिना तिकडची खबर यायची नाही. त्याच साली दसऱ्याच्या सुमारास रशियानं आभाळात खराखुरा चंद्र सोडल्याची बातमी आली. वाटलं, आता हा माणूस नाचेल आणि मला झोपू देणार नाही. तसा निरोप आलाच. संध्याकाळी आम्ही बांधावर उभे होतो. दिवस मावळल्यावर एक बारीकसा ठिपका आभाळातून सरळ सरकत गेला. डुगडुगला नाही, फडफडला नाही. मी इतकी वर्षं ज्याच्या नावानं बोटं मोडत होतो, त्यातलं काहीच त्यात नव्हतं.

भाटवे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, ह्याची दोरी नाई दिसून राह्यली."

मी दरवर्षी शाळेत गुरुत्वाकर्षण शिकवतो. तोंड उघडलंही होतं. पण ठिपका सूरजागडच्या बाजूला चालला होता आणि ते तिकडंच पाहत होते.

"असते, भाटवे," मी म्हणालो. "लांबून दिसत नाही."

त्यांनी मान हलवली आणि ठिपका झाडांमागं गेल्यावरही तिथंच उभे राहिले.